व्ही-सिनेमाच्या टेप जमवायच्यात? मग आधी डिस्कवर काय मिळतं ते बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू नाशिकला आहेस, जपानीची एन३ (भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) झालीये, मीके ताकाशी आणि कुरोसावा कियोशी या दिग्दर्शकांचे नव्वदच्या दशकातले काही पिक्चर डिस्कवर बघितलेस, आणि आता तुला थिएटरला न लागता थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेले मोठ्यांसाठीचे जपानी पिक्चर, म्हणजे व्ही-सिनेमा, जमवायला सुरुवात करायचीये. कुठून सुरुवात करू, मशीन कुठलं घेऊ, टेप इथे कशा आणू आणि खर्च किती, असे चार प्रश्न आहेत. मी टोकियोत निशी-कासाईला नऊ वर्षं राहिलो, आता पुण्यात असतो, आणि माझ्या कपाटात आज साडेचारशेच्या आसपास टेप आहेत, त्यातल्या निम्म्या मी घेतल्या नसत्या तरी चाललं असतं हे मला फार उशिरा कळलं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

एक गोष्ट पहिल्यांदाच साफ करू. ‘मोठ्यांसाठी’ म्हटलं की लोक भलतंच समजतात. ते जे तुझ्या मनात आलं असेल त्याला जपानमध्ये ‘एव्ही’ म्हणतात, तो पूर्ण वेगळा धंदा, दुकानात पडद्यामागचं वेगळं दालन. व्ही-सिनेमा म्हणजे याकुझा (जपानी गुंडटोळ्या), सावकार, जुगारी, पोलीस, भाडोत्री मारेकरी, भुतं, आणि काही सिरीजमध्ये बऱ्यापैकी उघडी दृश्यंही असतात, नाही असं नाही, पण तो पिक्चरच असतो, कथा, दिग्दर्शक, नट सगळं असलेला. ज्यात अंगप्रदर्शन जास्त आहे ते मागवायच्या भानगडीत पडू नकोस, अश्लील साहित्य भारतात आणायला कस्टम्सची बंदी आहे आणि पार्सल उघडून बघणाऱ्या माणसाला कव्हरवरनंच निर्णय घ्यायचा असतो.

आता हे सगळं आलं कुठून ते थोडं, कारण त्यावरच काय घ्यायचं ते ठरतं. मार्च १९८९ मध्ये तोएई कंपनीने ‘क्राइम हंटर’ नावाचा साधारण तासाभराचा पिक्चर थेट कॅसेटवर काढला, हिरो सेरा मासानोरी, मूळचा रॉक गायक. तेव्हा जपानमध्ये गल्लोगल्ली व्हिडिओ भाड्याने देणारी दुकानं होती आणि त्यांना दर आठवड्याला नवीन माल हवा होता. तोएईवाल्यांचं म्हणणं साधं होतं, घरी बसलेला माणूस रिमोट हातात घेऊन कंटाळवाणा भाग फास्ट फॉरवर्ड करतो, तर आपण असा पिक्चर काढू की त्याचं बोट त्या बटणावर जाणारच नाही. तो चालला. ‘व्ही-सिनेमा’ हे खरं तर तोएईचं स्वतःचं ब्रँडनेम, पण आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो ना, तसं लोक सगळ्याच कंपन्यांच्या मालाला व्ही-सिनेमा, नाहीतर बोलताना ‘बुइशिने’ म्हणायला लागले. त्याच्या वर्षभर आधी, १९८८ मध्ये, निक्कात्सु स्टुडिओने रोमन पोर्नो नावाची थिएटरची सिरीज बंद केलेली, त्यामुळे कमी पैशात, थोड्या दिवसांत पिक्चर पूर्ण करायची सवय असलेले दिग्दर्शक आणि कॅमेरावाले लोक मोकळे होते. कोनुमा मासारु हे त्यातलेच एक, त्यांनी पुढे तोएईसाठी ‘एक्सएक्स’ सिरीजमधला पिक्चर केला.

आणि नव्या पोरांना हे शाळेसारखं झालं. मीके १९९१ मध्ये इथूनच सुरू झाला. कुरोसावाने १९९५-९६ मध्ये ‘कात्ते नी शियागारे’ ही सहा भागांची सिरीज केली, आयकावा शो आणि माएदा कोयो ही दोन फुटकळ गुंडांची जोडी, आणि त्यात त्याने जे प्रयोग करून घेतले ते पुढे ‘क्युअर’मध्ये स्पष्ट दिसतात. १९९८ चे ‘हेबी नो मिची’ आणि ‘कुमो नो हितोमी’ त्याने पाठोपाठ शूट केले, दोन्हीत आयकावा, दोन्हीत मुलीच्या खुनाचा सूड, आणि तरी दोन पिक्चर एकमेकांसारखे अजिबात नाहीत. त्यातला पहिला त्याने स्वतःच २०२४ मध्ये फ्रान्समध्ये परत केला. भुतांचंही तसंच. त्सुरुता नोरिओने १९९१ मध्ये ‘होंतो नी आत्ता कोवाई हानाशी’ कॅसेटवर काढलं, त्यातली भुतं नुसती मागे उभी असतात, अंगावर येत नाहीत, आणि तिथूनच पुढची सगळी जपानी भुतं आली असं मला मनापासून वाटतं. शिमिझु ताकाशीचं ‘जु-ऑन’सुद्धा आधी २००० मध्ये व्हिडिओवरच आलेलं, थिएटर आणि हॉलिवूड नंतर.

तर मुद्दा. वर जी नावं घेतली ती टेपवर घेऊ नकोस. एकही नाही. ही सगळी नावाजलेली मंडळी आहेत, त्यांचं काम डिस्कवर मिळतं, ब्रिटनच्या ॲरो कंपनीने तर तोएईच्या सुरुवातीच्या नऊ पिक्चरचा ब्लू-रे संच २०२५ मध्ये काढला, त्यात ‘क्राइम हंटर’ आहे, आयकावाचा पहिला ‘नेओ चिन्पिरा’ आहे, ताकेनाका नाओतोचा ‘कार्लोस’ आहे. डिस्कवरचं स्वच्छ चित्र सोडून तीस वर्षांची झिजलेली टेप बघण्यात काय अर्थ आहे. मी सुरुवातीला हेच केलं, ओळखीची नावं शोधून शोधून घेतली, कव्हर सुंदर म्हणून घेतली, आणि त्याच वेळी ज्याचं कुणी नावही घेत नाही असे पिक्चर माझ्या डोळ्यासमोरनं शंभर-दोनशे येनला विकले गेले. टेप घ्यायची ती फक्त अशा पिक्चरची, जो टेपशिवाय दुसरीकडे कुठेच नाही. अशा पिक्चरची संख्या खूप आहे. छोट्या कंपन्यांनी काढले, कंपन्या बुडाल्या, हक्क कुणाकडे आहेत ते कुणी बघितलं नाही, मूळ मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिकचे, हक्क वेगळे, गाण्याचे वेगळे, आणि डीव्हीडी आल्यावर दुकानदारांनी कॅसेटी काढून टाकल्या. तो पिक्चर आता त्या प्लास्टिकच्या डब्यात आहे तेवढाच आहे.

हे ओळखायचं कसं, तर तीन-चार जपानी शब्द पाठ कर, लिलावाच्या साइटवर आणि सेकंडहँड दुकानांच्या यादीत तेच लागतात. ‘मी-डीव्हीडी-का’ म्हणजे डीव्हीडीवर आलेला नाही. विकणारे हे हौसेने लिहितात आणि बऱ्याचदा चुकीचं लिहितात, तेव्हा पिक्चरचं नाव कांजीत, म्हणजे जपानी चित्रलिपीत, टाकून स्वतः खात्री कर. ‘रेंटारु ओची’ म्हणजे दुकानातून निवृत्त झालेली भाड्याची प्रत. त्याला नाक मुरडू नकोस, कारण तेव्हा एकेक टेप दुकानदाराला दहा हजार येनच्या वर पडायची, घरी ठेवायला कोण घेणार, त्यामुळे या पिक्चरच्या बहुतेक प्रती भाड्याच्याच आहेत. ‘दोसा मिकाकुनिन’ म्हणजे चालवून बघितलेली नाही. आणि ‘काबी’ म्हणजे बुरशी, हा शब्द दिसला की पुढे जा, मग ती टेप कितीही दुर्मिळ असो, निदान पहिली दोन वर्षं तरी. नुसतं ‘व्ही-सिनेमा’ टाकून शोधलंस तर मास्क घातलेल्या सुपरहिरोंचे पिक्चर समोर येतील, कारण तोएईने ते नाव नंतर त्यांच्यासाठीही वापरलं. त्यापेक्षा नटाच्या नावाने शोध. आयकावा शो आणि ताकेउची रिकी हे दोन राजे, पण त्यांच्या मागे उभे राहणारे जे चेहरे आहेत, बॉसचा उजवा हात, पैसे बुडवलेला दुकानदार, त्यांची नावं क्रेडिटमधून उतरवून घे आणि त्या नावांनी शोध, मला सगळ्यात चांगल्या गोष्टी अशाच सापडल्यात.

याहू ऑक्शन्स, मेरकारी, सुरुगाया, ही नेहमीची ठिकाणं. तू जपानला गेलास तर टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेमधलं मांदाराकेचं दुकान बघ, आणि गावाकडची, म्हणजे टोकियोबाहेरची, बुकऑफची दुकानं बघ. इथे बसून घ्यायचं तर बायी किंवा झेनमार्केटसारखी मध्यस्थ सेवा लागते, ते तुझ्या नावाने घेतात आणि एकत्र पॅक करून पाठवतात. माझा हिशोब सांगतो, साधी टेप मला तीनशे ते हजार येनमध्ये पडते, पाच हजारांच्या वर मी आयुष्यात सहा वेळा गेलोय, आणि मध्यस्थाची फी, पोस्टेज आणि ड्युटी धरली की टेपपेक्षा तिला इथे आणणं महाग होतं. म्हणून सुटी टेप कधीच मागवू नकोस, पंधरा-वीस साठू दे. एक टेप केसशिवाय साधारण दोनशे ग्रॅम भरते, आणि भाड्याच्या दुकानाची ती जाड कडक केस वजन आणखी वाढवते. मध्यस्थाला सांगून केस काढून टाकता येते पण आतला छापील कागद मात्र सपाट, न दुमडता ठेवायला सांग. पार्सलवर खरी किंमत आणि खरं वर्णन लिहू दे, भेटवस्तू म्हणून लिहून काही वाचत नाही, ती सवलत २०१९ मध्येच गेली. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ओळखीचं माणूस. निशी-कासाईत आपली इतकी मराठी कुटुंबं आहेत, दिवाळीला, मे महिन्यात कुणी ना कुणी येतच असतं, वीस टेप म्हणजे चार-पाच किलो, आदल्या महिन्यात विचारलं तर लोक आनंदाने आणतात. विमानतळावरच्या एक्स-रेने टेपला काही होत नाही, ही भीती काढून टाक.

आता टेप हातात आल्यावर. लगेच मशीनमध्ये घालू नकोस, हे मोठ्याने सांगतोय. आधी एक दिवस बंद डब्यात खोलीत राहू दे म्हणजे आत ओल धरणार नाही. मग खिडकीशी उजेडात घेऊन बस. टेपच्या पुढच्या कडेला जी झडप असते तिच्या बाजूला एक छोटं बटण आहे, ते नखाने दाबलं की झडप वर उचलता येते आणि आतली काळपट तपकिरी पट्टी दिसते. ती आरशासारखी गुळगुळीत दिसली पाहिजे, कडा कुरतडल्यासारख्या किंवा लाटा आल्यासारख्या नकोत. मग टेप पालथी-सुलटी करून वरच्या पारदर्शक खिडकीतून रिळाकडे टॉर्च तिरपा धरून बघ. चांगलं रीळ एकसंध काळं चमकतं, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखं. बुरशी असेल तर त्यावर पांढरट पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, कधी नुसते दोन-तीन ठिपके, कधी रांगोळीसारखी गोल नक्षी. वास घे. बंद माळ्यावरच्या ट्रंकेचा वास आला तर ती टेप बाजूला. मी एकदा घाई केली. एका विक्रेत्याकडून तीस टेपचा गठ्ठा घेतला होता, त्यातली एक अशीच दोन ठिपक्यांची, मी म्हटलं एवढ्याने काय होतंय. ती चालली, चित्र ठीक आलं, पण मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या हेडवर बुरशी बसली आणि पाठोपाठ घातलेल्या तीन चांगल्या टेपांवर आडवे ओरखडे उठले, त्यातल्या एकीची दुसरी प्रत मला आजतागायत मिळालेली नाही. त्या पिक्चरमध्ये कोबेच्या बंदरावर पहाटेचा एक लांबलचक शॉट होता, तो आता माझ्याकडे पांढऱ्या रेघांच्या मागे आहे.

मशीनबद्दल. जपानी टेपवरचं चित्र एनटीएससी पद्धतीचं असतं, आपल्याकडची पद्धत पाल. आपल्या घरांत नव्वदच्या दशकात जे मल्टिसिस्टिम व्हीसीआर होते त्यातले बरेचसे एनटीएससी टेप दाखवतात, त्यामुळे लोक म्हणतात झालं की काम. नाही झालं. ते मशीन पाल टीव्हीला समजावं म्हणून रंगांचं सिग्नल बदलून धेडगुजरी काहीतरी बाहेर काढतं, टीव्हीवर छान दिसतं आणि कॉम्प्युटरवर चित्र उतरवून घेणाऱ्या कॅप्चर कार्डात घातलं की ब्लॅक अँड व्हाइट. तुला खरं एनटीएससीचं मशीन हवं, शक्यतो जपानीच. जेव्हीसीचे डेक जपानमध्ये व्हिक्टर नावाने विकले जायचे, त्यातलं टीबीसी असलेलं एस-व्हीएचएस (साध्या व्हीएचएसपेक्षा वरच्या दर्जाचं) मॉडेल मिळालं तर ते घे. टीबीसी म्हणजे जुन्या टेपच्या चित्रातल्या रेषा डाव्या-उजव्या थरथरतात त्या सरळ करणारं सर्किट. आणि लक्षात ठेव, जपानी मशीन १०० व्होल्टवर चालतं, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातलंस की तिथेच संपलं, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घे आणि मशीन नंतर. नवीन व्हीसीआर जगात आता कुणी बनवत नाही, शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिने २०१६ मध्ये बंद केलं, म्हणजे जे आहे ते सेकंडहँड, त्यामुळे दोन मशीन ठेव, एक संशयास्पद टेपांसाठी आणि एक चांगल्यांसाठी. रबराचे पट्टे आणि पिंच रोलर बदलून देणारा एखादा जुना कारागीर आत्ताच शोधून ठेव, नाशिकला जुन्या बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाले असतीलच, त्यांच्यातला साठीच्या पुढचा माणूस गाठ, त्याला हे हाताने येतं.

ट्रान्सफर, म्हणजे टेप कॉम्प्युटरवर उतरवणं, पहिल्याच वेळी कर. टेप घालायची, पूर्ण पुढे नेऊन परत मागे आणायची म्हणजे ताण सारखा होतो, आणि पहिल्या प्रदर्शनालाच रेकॉर्ड करायची. आधी बघू, आवडला तर करू, असं करायचं नाही, कारण जुनी टेप कधी पहिल्यांदा चांगली चालते आणि दुसऱ्यांदा चालतच नाही. ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांचं) आहे तसं, आणि हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीही न गाळणाऱ्या, फॉरमॅटमध्ये. फाइल अगडबंब होते, होऊ दे, हार्ड डिस्क टेपपेक्षा स्वस्त आहे. बघण्यासाठी छोटी फाइल नंतर त्यावरून काढ. चित्र दर काही सेकंदांनी उजळ-काळपट होत राहिलं तर टेप खराब समजू नकोस, तो भाड्याच्या टेपांवरचा कॉपी गार्ड, म्हणजे कॉपी रोखणारा सिग्नल, असतो. आणि हे सगळं स्वतःच्या कपाटापुरतं, नेटवर चढवायचं नाही. हक्क कुणाचे ते कळत नसलं तरी कुणाचे तरी असतात, आणि एखादी कंपनी उद्या डिस्क काढायचं म्हणत असेल तर आपण तिचं गिऱ्हाईक असलं पाहिजे.

आपल्या हवेत साठवण हा वेगळा विषय. पुण्यात मला एवढा त्रास नाही, पण माझ्या मावसभावाने रत्नागिरीला ठेवलेल्या बारा टेप एका पावसाळ्यात गेल्या. नाशिकला तू बरा आहेस, तरी जून ते सप्टेंबर झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दीडशे-दोनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं घड्याळ ठेव, काटा चाळीस-पन्नासच्या आसपास राहिला पाहिजे. टेप पुस्तकासारखी उभी, पूर्ण रिवाइंड केलेली. स्पीकर आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब.

भाषेचं सांगतो, एन३ वर निभणार नाही. सबटायटल्स नसतात. ‘मिनामी नो तेइओ’ ही ताकेउची रिकीची सिरीज घे, १९९२ ते २००७ साठ भाग, ओसाकाच्या मिनामी भागातला सावकार मांदा गिंजिरो, ‘तोइची’ व्याजाने पैसे देणारा, म्हणजे दहा दिवसांना दहा टक्के. हीही डिस्कवर मिळते म्हणून इथे टेप घ्यायची गरज नाही, पण कान तयार करायला यासारखी दुसरी शाळा नाही. अख्खी ओसाकाची बोली, आणि गहाण, जामीन, वटलेले-न वटलेले धनादेश, कोरे स्टॅम्प, हे सगळे शब्द. मला सुरुवातीला काही कळेना, मग लक्षात आलं की आपल्या आजोबांच्या तोंडून सावकारी, गहाणखत, शेकडा दर असं ऐकलेलं जे होतं तेच सगळं इथे चाललंय, त्या दिवसापासून कथा आपोआप उलगडायला लागली. प्रत्येक भागात एक कर्जबाजारी माणूस, त्याच्या मागे त्याला फसवणारा मोठा ठग, आणि गिंजिरो कायद्याच्या एखाद्या फटीतून आपले पैसे पुरेपूर वसूल करतो. दहा भाग बघ, मग याकुझांच्या टेपांकडे वळ.

शेवटचं, नोंदी. प्रत्येक टेपची एक ओळ: कांजीत नाव, वाचायचं कसं ते, दिग्दर्शक, कंपनी, साल, कण्यावरचा ‘हिनबान’ म्हणजे माल क्रमांक, लांबी, डिस्क आहे की नाही, आणि ते कुठल्या तारखेला तपासलं. कव्हर दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन कर, दुकानाचे स्टिकर, बारकोड, ‘नवीन’ लिहिलेली लाल पट्टी, काही सोलू नकोस, कुठल्या गावातलं दुकान ते त्यावरनंच कळतं. आणि ट्रान्सफर करताना पिक्चर सुरू व्हायच्या आधीची पाच-सात मिनिटं कापू नकोस. तिथे त्याच कंपनीच्या येणाऱ्या पिक्चरच्या जाहिराती असतात. माझ्याकडे एका टेपच्या सुरुवातीला चाळीस सेकंदांची अशी एक जाहिरात आहे, पावसात छत्री घेऊन उभी असलेली बाई, मागे पाचिंकोचं, म्हणजे जुगाराच्या मशीनचं, दुकान, मग पिक्चरचं नाव. तो पिक्चर मी अकरा वर्षं शोधतोय, त्याची टेप अजून कुठल्याही यादीत मला दिसलेली नाही. तुला दिसली तर कळव, नाव आणि त्या चाळीस सेकंदांतलं एक चित्र तुला वेगळं पाठवतो.